खिडकीतली रिकामी कांडी

मी दुसरीपर्यंत शिकले. तिसरीच्या टायमाला धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला घरी बसले ते बसलेच. अक्षरं जुळवून वाचते, पण वाक्याच्या शेवटाला पोचते तोवर सुरुवात विसरलेली असते. म्हणून हे मी बोलते आणि माझी सून लिहिते. तिला पयलंच सांगितलं, मी बोलते तसंच लिहायचं, सुधारायचं न्हाय.

ती बोलली, "आजपर्यंत मी कधी सुधारलंय का?"

ते खरं हाय. तिनं कधी न्हाय सुधारलं. सुधारलं ते मी, एकदाच. तेच सांगायला बसले हाय. पण आधी मागचं सांगते, न्हायतर कुणाला कळायचं न्हाय.

माझं माहेर दिघाशीचं. लग्न करून भिवंडीत आले, धामणकर नाक्याच्या मागं, कापडाच्या यंत्रमागांच्या गल्लीत. सासऱ्यांची थोडी जमीन व्हती ती थोरल्या दिराकडं राहिली, आमच्याकडं दहा बाय बाराची खोली आली. नवरा माग चालवायचा. बारा तासांची शिफ्ट, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातपाळी. कापसाची धूळ सगळ्यांच्याच छातीत बसते, त्याच्या जास्त बसली. खोकत खोकत गेला. पोरगा तेव्हा आठवीत व्हता. तेराव्याला लोक जेवून गेले आणि चौदाव्या दिवशी मी शेठकडं जाऊन बोलले, मला कांडी मशीनवर घ्या. शेठनं घेतलं. लोक बोलले, हिला रडू पण येत न्हाय. रडून कांडी भरत न्हाय.

कांडी म्हणजे वीतभर नळी, तिच्यावर सूत गुंडाळतात. ती धोट्यात बसवायची, धोटा मागात इकडून तिकडं पळतो आणि कापडाचा आडवा धागा पडत जातो. माझं काम रिकाम्या कांड्या मशीनला लावायच्या, भरल्या की काढायच्या, धागा तुटला की जोडायचा. एका वेळी दहा-बारा कांड्या फिरतात, सगळीकडं डोळा पुरत न्हाय. मग कान लावायचा. धागा तुटला की त्या कांडीचा आवाज बदलतो, मोकळा होतो. सहा महिन्यांत माझा कान असा तयार झाला की शेजारणीशी बोलता बोलता हात बरोबर तुटलेल्या धाग्यावर जायचा.

हे कानाचं सांगते, कारण पिच्चर पण मी असाच बघायचे.

भिवंडीत मागांना सुट्टी शुक्रवारी. सहा दिवस खडखड खडखड, मांडणीवरची भांडी थरथरतात, बोलायचं तर ओरडून. आणि शुक्रवारी सगळं गप. लोकांना बरं वाटायचं. मला न्हाय वाटायचं. त्या गप्पपणात मला नवऱ्याचा खोकला ऐकू यायचा, तो गेल्यावर पण. म्हणून एका शुक्रवारी उठले, पदर घेतला आणि थेटरात जाऊन बसले. पिच्चर कुठला व्हता आठवत न्हाय. आवाज मोठा व्हता एवढं आठवतं. मग दर शुक्रवारी जायला लागले. बाराचा खेळ. बायकांची खिडकी वेगळी, तिकडं गर्दी नसायची.

नवा पिच्चर पण शुक्रवारीच लागायचा, म्हणून आमच्या गल्लीत नवा पिच्चर सगळ्यात पयला बघणारी मी. शनिवारी सकाळी नळावर बायका घेरायच्या. कसा हाय? जायचं का? आमच्या बायकांना पिच्चर म्हणजे सोपी गोष्ट नव्हती. नवऱ्याला विचारायचं, पोरं कुणाकडं तरी ठेवायची, सासूला काहीतरी सांगायचं. एवढं करून गेली आणि पिच्चर भिकार निघाला तर पुढच्या टायमाला नवरा बोलणार, मागच्या वेळी जाऊन काय दिवे लावले? म्हणून आधी बघून येणारं माणूस लागायचं. ते माणूस मी झाले.

मी कुणाचं ऐकून पास-नापास करायचे न्हाय. हिरो कोण, गाणी कशी, ते नंतर. मी हात बघायचे. बाई भाकरी थापते तर हात कसे फिरतात. आईचं काम करणारी शिलाई मशीन चालवते तर पाय हलतात का. एकदा एका पिच्चरात हिरो मागावर काम करताना दाखवला. आम्ही मागवाले, मी सरसावून बसले. तर त्याच्या केसात कापसाचा एक कण न्हाय, शर्ट पांढराशुभ्र, आणि माग चालू असताना हिरोइनीच्या कानात हळू बोलतो! शनिवारी मी नळावर बोलले, "माग चालू असताना हळू बोललेलं ऐकायला येतं, तर माझा नवरा माझ्यावर एवढी वर्षं ओरडला कशाला?" बायकांच्या हातातल्या कळश्या सांडल्या. तो पिच्चर नापास.

माझ्या शेजारी एक तेलुगू बाई राहायची, माझ्याच मशीनवर काम करायची. तिला कायम घाई. एकदा ती बोलली, "मावशी, तुमची स्टोरी ऐकता ऐकता माझं पाणी जातं. एकच सांगा ना, कांडी भरली की रिकामी?"

बायका हसल्या. पण मला ते पटलं. शेठनं टाकून दिलेल्या दोन कांड्या माझ्याकडं व्हत्या, टोकाला चिरलेल्या. एकीवर लाल सूत भरलं, एक तशीच रिकामी ठेवली. शुक्रवारी संध्याकाळी थेटरातून आले की खिडकीत कांडी ठेवायची. भरलेली म्हणजे जावा. रिकामी म्हणजे घरी बसा. दोन्ही ठेवल्या म्हणजे ज्याचं त्यानं बघावं. नळावर जाणारी प्रत्येक बाई माझ्या खिडकीकडं बघून जायची. पुरुष पण बघायचे, पण न बघितल्यासारखं करून.

थेटरच्या गेटवर तिकीट फाडणारा एक यूपीचा म्हातारा व्हता. त्याला पण हे कळलं. सुटताना विचारायचा, "अम्मा, आज पास किया के फेल?"

मी बोलायचे, "खिडकी में देखना."

"अरे अम्मा, आपकी खिडकी से तो हमारी बालकनी भरती है."

मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू. लग्न कुणाशी करायचं, शाळा सोडायची का, जमीन कुणाकडं राहणार, आयुष्यात मला कुणी काही विचारलं नव्हतं. आणि आता सगळी गल्ली विचारत व्हती.

दोन हजार सालाच्या पुढंमागं पोराचं लग्न केलं. पोरगा तेव्हा काल्हेरला गोडाऊनमध्ये ड्युटीला लागला व्हता. सून वाडा तालुक्यातली, बारावी पास. आमच्या घरात एवढं शिकलेलं पयलं माणूस. बोलायला कमी. मला वाटलं गर्विष्ठ हाय की काय. मग पयल्या शुक्रवारी मी थेटरातून आले, ती मेथी निवडत बसली व्हती, आणि मी तिला पिच्चर सांगायला घेतला. सगळा सांगितला, गाण्यांसकट. तिनं मेथीवरची नजर काढली न्हाय. मला वाटलं ऐकतच न्हाय. संपल्यावर बोलली, "पण आई, ते पत्र तिला मिळालं कसं? पत्ता तर कुणालाच माहीत नव्हता ना?"

थेटर भरलेलं व्हतं, मी स्वतः कान लावून बसले व्हते, कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. आणि ही पिच्चर न बघता सांगते की धागा कुठं तुटला.

तेव्हापासून आमचं जमलं. शुक्रवारी संध्याकाळी मी सांगायचे, ती ऐकायची, मध्येच अडवायची. एका पिच्चरातली आई आंधळी, आणि पोरगा परदेशातून येतो तर त्याला बोलते, किती वाळलास रे. हे मी रडत रडत सांगितलं. सून बोलली, "हात फिरवून बोलली का नुसतं बघून?" मला आठवलं, नुसतं बघून. आम्ही दोघी एवढ्या हसलो की पोरगा बाहेरून आत आला, काय झालं बघायला. "तुम्हा दोघींना पेपरात नोकरी द्यायला पायजे," तो बोलला.

मग तिनं वही सुरू केली. पोराची जुनी वही, मागची पानं कोरी व्हती. तिच्यात ती पिच्चरचं नाव लिहायची, मी काय सांगितलं ते लिहायची, आणि खाली कांडी काढायची, भरलेली किंवा रिकामी. मला वाचून दाखवायची. माझंच बोलणं, पण वाचून दाखवलं की ते वेगळं वाटायचं, जसं कुणी शिकलेल्या बाईचं असावं. एक शब्द पण इकडचा तिकडं नसायचा.

आणि एवढं सगळं असून मी तिला एकदा पण थेटरात नेलं न्हाय. घरात एक बाई पायजे, असं मी बोलायचे. मग ती पोटुशी व्हती. मग नात झाली, मग नात लहान व्हती. कारण काय, कधी पण मिळतं. ती माझ्या तोंडून पिच्चर बघायची. मी नेमानं जायचे आणि तिला आणून द्यायचे, जसा बाजारातून भाजीपाला आणून द्यावा.

तिला नर्स व्हायचं व्हतं. मला माहीत नव्हतं असं बोलले तर ते पण खोटं होईल. नात झाली तेव्हा सरकारी दवाखान्यात ती खाटेवरून नर्सबायांशी बोलत राहायची, कुठं शिकलात, किती वर्षं लागली. नात तीन वर्षांची झाली तेव्हा तिनं कुठून तरी फॉर्म आणला. कोर्स दीड वर्षाचा, ठाण्याला हॉस्टेलवर राहायचं, पंधरा दिवसांनी घरी. फॉर्म तिनं देवाच्या फोटोमागं ठेवला. नवऱ्याला विचारलं. तो बोलला, "आईला विचार. आई हो बोलली तर माझी ना न्हाय." त्याला भांडण नको असलं की तो असंच बोलतो, त्याच्या बापासारखं.

तिनं मला विचारलं न्हाय. मी पण वाट बघितली न्हाय. रोज दिवा लावताना फोटोमागून तो कागद दिसायचा. मी त्याच्याकडं बघायचे न्हाय.

एका गुरुवारी संध्याकाळी मी तिच्या डोक्याला तेल लावत बसले व्हते. ती भजी बांधून आलेला पेपरचा तुकडा वाचत व्हती. त्यात नव्या पिच्चरचं लिहिलेलं व्हतं.

"आई, उद्या हा बघा."

"कसला हाय?"

"एका बाईचा हाय. लग्न झाल्यावर तिला शिकायचं असतं. पेपरवाल्यानं साडेतीन तारे दिलेत."

"तारे वर आभाळात. आपल्याकडं कांडी."

"म्हणूनच बोलते," ती बोलली. माझे हात तिच्या केसात व्हते, तिचं तोंड मला दिसत नव्हतं. "कांडी भरली तर रविवारी मी पण जाणार. शेजारच्या ताई घेऊन जाते बोलल्यात. तुम्ही पोरीला घ्याल ना?"

लग्नाला चार-पाच वर्षं झाली व्हती, तिनं मागितलेली ही पयली गोष्ट. आणि मला तेव्हाच कळलं की ती पिच्चरचं विचारत न्हाय. फॉर्मची शेवटची तारीख सोमवार व्हती. तोंडानं विचारवत नव्हतं, म्हणून ती मला पिच्चर बघायला पाठवत व्हती. पिच्चर बोलंल तिच्या वतीनं, असं तिला वाटलं असंल. आईंचा पिच्चरवर विश्वास हाय.

मी बोलले, "घेईन की."

शुक्रवारी बसले जाऊन. पिच्चरात खेड्यातली सून, हुशार. आणि सासू. मला वाटलं सासू नेहमीसारखी असंल, कपाळाला आठ्या, हातात चाव्या. तशी नव्हती. चांगली व्हती. सुनेला आंबा कापून द्यायची, तिच्या पोराला खेळवायची. आणि एका ठिकाणी सासू सुनेच्या डोक्याला तेल लावते आणि लावता लावता बोलते, "तू गेलीस तर मी कुणाशी बोलू?"

माझ्या मागं बसलेली बाई मोठ्यानं बोलली, "मेली गोड बोलून मारते बघ."

सगळ्या बायका हसल्या. मी आजूबाजूला बघितलं. अंधारात कुणी माझ्याकडं बघत नव्हतं, पण मला वाटलं सगळ्या बघतायत.

पिच्चरात ती बाई जाते शिकायला. मागं पोर आजारी पडतं. सासू त्याला पाठीवर घेऊन पायी दवाखान्यात नेते, दोन दिवस उशाशी बसते, पोर बरं होतं. शेवटाला ती बाई शिकून परत येते, स्टँडवर उतरते, हातात बॅग. सासू पोराला घेऊन उभी असते. पोर आईला आधी ओळखत न्हाय, सासूच्या मागं लपतं. मग सासूच त्याला पुढं ढकलते. बस एवढंच. मी रडले. पदर ओला झाला एवढी रडले. आणि पयल्यापासून शेवटपर्यंत धागा कुठं तुटला न्हाय. कांडी फिरावी तसा एकसारखा आवाज. एवढ्या वर्षांत असे पिच्चर मी दोन किंवा तीनच बघितले असतील.

नाक्यावरून घरी चालत आले. रिक्षा सोडून दिल्या, मुद्दाम चालत आले. वाटेत एकेक कारण मोजत आले. नात लहान हाय. पोराला डबा कोण देणार. सून हॉस्टेलवर, लोक काय बोलतील. हे सगळं मी स्वतःला सांगितलं आणि नंतर बरीच वर्षं सांगत राहिले. खरी गोष्ट वेगळी व्हती. ती आज पयल्यांदा बोलते. सून गेली असती तर नातीला मी सांभाळलं असतं, ते काही अवघड नव्हतं. पण मग कांडी मशीन सोडावं लागलं असतं, आणि शुक्रवार पण. दीड वर्ष थेटर न्हाय. दीड वर्ष खिडकीत कांडी न्हाय. आणि आले असते सांगायला, तर घरी ऐकणारी कोण व्हती?

घरी आले. ती वही घेऊनच बसली व्हती. नातीला झोपवलेलं, पेन्सिलीला टोक केलेलं.

मी सांगितलं. सुरुवात खरी सांगितली. सासूचं तेलाचं गाळलं. आणि शेवट बदलला. बोलले, बाई शिकायला जाते, मागं पोर आजारी पडतं, हिला निरोप पोचेपर्यंत पोर मरतं. बाई परत येते, सासूच्या पायावर पडते. संपला.

ती लिहीत व्हती. थांबली. "आणि सासू काय बोलते?"

"काय बोलणार. काही न्हाय बोलत."

"पोर मरतं?"

"मरतं. उगाच रडवायला मारलंय. भिकार पिच्चर हाय."

तिनं ते पण लिहिलं. माझं बोलणं जसंच्या तसं. खाली रिकामी कांडी काढली. मी उठले आणि खिडकीत रिकामी कांडी ठेवली. संध्याकाळचं ऊन व्हतं, तिची सावली भिंतीवर पडली, ते पण मला आठवतं.

रविवारी ती गेली न्हाय. शेजारीण बोलवायला पण आली न्हाय, तिनं खिडकी बघितली व्हती. सोमवार गेला. मंगळवारी मी वाण्याकडं निघाले तर सुनेनं माझ्या हातात सामानाची यादी दिली. कागद जाड व्हता. वाण्याच्या दुकानात उलटून बघितला तर मागं छापलेल्या रेघा, फोटो चिकटवायचा चौकोन. फॉर्म व्हता. फोटोमागून काढून तिनं त्याच्या कोऱ्या बाजूवर तूरडाळ, साबण, हळद लिहिलं व्हतं. मी सामान घेतलं. कागद वाण्यानं खिळ्याला टोचला.

पुढच्या शुक्रवारी थेटरात नवा पिच्चर लागला व्हता. गेटवरचा म्हातारा बोलला, "अम्मा, पिछले हफ्ते आपकी गली से एक भी नहीं आई. इतनी अच्छी पिक्चर थी."

"मेरे को नहीं लगी अच्छी."

त्यानं तिकीट फाडलं, अर्धं माझ्या हातात दिलं. "आप तो रो रही थीं अम्मा. हमने देखा."

मी आत जाऊन बसले. त्या दिवशीचा पिच्चर मला सांगता आला न्हाय. काहीतरी जुळवून सांगितला.

पुढं तीनेक वर्षं तशीच गेली. मी जात राहिले, कांडी ठेवत राहिले, ती लिहीत राहिली. नात शाळेत जायला लागली. घरात रंगीत टीव्ही आला. एका रविवारी दुपारी जेवणं झाली व्हती, पोरगा लवंडला व्हता, सून लसूण सोलत टीव्हीसमोर बसली आणि तो पिच्चर लागला. मी पयल्या मिनिटाला ओळखला. उठून बंद करावा वाटलं. काय सांगून बंद करणार?

तेलाचा सीन आला. सुनेचे हात थांबले. मग परत सोलायला लागली. पोर आजारी पडलं, सासूनं पाठीवर घेतलं. मी पोळपाट पुसत बसले, पुसलेलाच परत पुसत बसले. स्टँड आला. पोर लपलं, मग पुढं गेलं. जाहिराती लागल्या.

सून बोलली, "आई, पोर मेलं न्हाय."

तिनं आवाज पण चढवला न्हाय. जसं बोलावं, आई, दूध उतू गेलं न्हाय.

मी बोलले, "मग तो दुसरा असंल. एवढे पिच्चर बघते, गल्लत होते."

ती उठली. कपाटातून वही काढली, पानं उलटली, एका पानावर थांबली. वाचलं. वही मिटून जागेवर ठेवली आणि लसणाची सालं उचलून टाकायला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. मी भांडायला तयार व्हते, माझ्याकडं नात व्हती, डबा व्हता, लोक व्हते. ती भांडलीच न्हाय.

पुढच्या शुक्रवारी मी पिच्चर सांगितला. तिनं ऐकला. वही काढली न्हाय. धागा कुठं तुटला ते पण विचारलं न्हाय. त्या पिच्चरात हिरो सकाळी मरतो आणि त्याच संध्याकाळी भावाच्या लग्नात नाचतो, मी मुद्दाम ते दोनदा सांगितलं, की आता तरी अडवंल. ती बोलली, "छान हाय." महिनाभर तसंच चाललं. मग मी जायचं बंद केलं. बायकांना सांगितलं, गुडघे दुखतात. गल्लीत तोवर घरोघरी टीव्ही आला व्हता, सीडी भाड्यानं मिळायच्या, कुणाचं काही अडलं न्हाय. खिडकीतल्या दोन्ही कांड्या मी पेटीत टाकल्या.

एक सांगायचं राहिलं, ते सगळ्यात वाईट. टीव्हीवर पिच्चर लागला तेव्हा पण उशीर झालेला नव्हता. नात शाळेत जात व्हती, सुनेचं वय बसत व्हतं. मी त्याच संध्याकाळी बोलले असते, जा, फॉर्म आण, तर ती गेली असती. पण तसं बोलायचं तर आधी कबूल करायला लागलं असतं की मी खोटं बोलले. मी कांडी मशीनवर एवढी वर्षं काढली, नवरा पोचवला, पोर वाढवलं, कशाला घाबरले न्हाय. तेवढं एक वाक्य बोलायला घाबरले. पुढं सात-आठ वर्षांनी एकदा बोलले, "आता भरतेस का गं तो फॉर्म?" ती कामावरून आली व्हती. तोवर ती पण काल्हेरला गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागली व्हती, दिवसभर उभं राहून पाय सुजायचे. पाय गरम पाण्यात ठेवून बसली व्हती. बोलली, "वय निघून गेलं, आई." आणि पाण्यात अजून थोडं मीठ टाकलं.

आता मी थकले. खरंच गुडघे दुखतात. ती सुट्टीच्या दिवशी माझ्या गोळ्या डबीत भरून ठेवते, सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या. एकदा डॉक्टर तिला बोलला, तुम्ही नर्स हाय का? ती बोलली, न्हाय.

हे सगळं सांगायचं मीच ठरवलं. वही तीच घेतली, थोडी पानं शिल्लक हायत. बाकीचं सगळं तिला माहीत व्हतं, ती सरळ लिहीत गेली. फक्त ते शुक्रवारचं, थेटर सुटंल म्हणून मी तसं केलं, ते तिला माहीत नव्हतं. तिथं तिचा हात थांबला.

"एवढ्यासाठी?" ती बोलली.

"हो."

"पिच्चरसाठी?"

"हो."

तिनं पेन वहीवर ठेवलं, उठून पाणी प्यायली, मला पण दिलं. मला वाटलं आता लिहायची न्हाय. पण परत येऊन बसली, पेन घेतलं, मागच्या दोन ओळी वाचून बघितल्या. वर न बघता बोलली, "शेवट काय लिहू? का ह्या वेळी पण बदलायचा हाय?"

मी बोलले, "न्हाय. पोर मेलं न्हाय असं लिही. आणि बाई गेलीच न्हाय, असं लिही."

तिनं लिहिलं.